जिचं मत, तिचंच

आम्ही दोघी विहिणी अमेरिकेत लेकरांकडं जाऊन आलो, तेव्हा गटातल्या बायकांनी विचारलं, "तिकडं काय पाहिलं?" उंच इमारती आणि रुंद रस्ते तर टीव्हीवर सगळ्यांनाच दिसतात. म्हणून आज एका लहान गावाबद्दल बोलू, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबद्दल आम्हाला काय वाटलं तेही सांगू.

गावाचं नाव सेनेका फॉल्स. ते न्यूयॉर्क राज्यात आहे, पण न्यूयॉर्क शहरापासून पुष्कळ लांब. २०२४ चा ऑक्टोबर संपत आला होता. तिकडं हा पानगळीचा काळ. आपल्याकडं पळस फुलला की रान पेटल्यासारखं दिसतं ना, तशी मेपलची झाडं दिसत होती. फक्त ती फुलं नव्हती, गळायला आलेली पानं होती. घरांच्या पायऱ्यांवर लाल भोपळे मांडलेले, आणि अंगणात निवडणुकीच्या पाट्या. एका घरासमोर ट्रम्प, तर शेजारच्या घरासमोर हॅरिस. भोंगा मात्र आम्ही एकही ऐकला नाही.

या गावात विटांचं एक जुनं प्रार्थनामंदिर आहे. १९ आणि २० जुलै १८४८ ला तिथं बायकांच्या हक्कांसाठी सभा भरली. एलिझाबेथ कॅडी स्टँटन ही लेकुरवाळी बाई सभा बोलावणाऱ्यांमध्ये होती. जवळपास ३०० माणसं जमली. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता, तिनं कमावलेली मजुरीसुद्धा नवऱ्याची ठरते, ही त्यांची एक तक्रार होती. बाकी सगळे ठराव एकमतानं झाले. अडलं ते एकाच ठरावावर, बायकांना मताचा हक्क हवा या ठरावावर. लोक हसतील, अशी भीती सभेतल्याच काही जणांना वाटली. तेव्हा फ्रेडरिक डग्लस बाजूनं बोलायला उभे राहिले. ते स्वतः गुलामगिरीतून सुटून आलेले होते. ठराव झाला, आणि जाहीरनाम्यावर ६८ बायका आणि ३२ पुरुषांनी सह्या केल्या.

१८४८ हे साल ऐकल्याबरोबर आम्ही एकमेकींकडं पाहिलं. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या भिडेवाड्यात जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली होती.

सह्या करणाऱ्यांमध्ये शार्लट वुडवर्ड नावाची एक तरुण पोरगी होती. ती हातमोजे शिवून पैसे मिळवायची, पण ते पैसे तिच्या हातात राहत नसत. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९२० साली, म्हणजे ७२ वर्षांनी. तोवर सह्या करणाऱ्या बायकांपैकी ही एकटीच जिवंत होती, आणि आजारपणामुळं तिलाही मत देता आलं नाही. दक्षिणेतल्या काळ्या बायकांना तर खरा हक्क मिळायला १९६५ चा कायदा यावा लागला.

सेनेका फॉल्सहून मोटारीनं तासाभरावर रॉचेस्टर शहर आहे. तिथं सुसान अँथनी यांची समाधी आहे. ५ नोव्हेंबर १८७२ ला या बाईंनी, हक्क नसताना, राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीत मत टाकलं. त्यांना अटक झाली, खटला चालला आणि १०० डॉलर दंड झाला. तो त्यांनी कधीच भरला नाही. आता तिथल्या बायका मत देऊन येतात आणि 'मी मत दिलं' अशी चिकटपट्टी त्यांच्या दगडावर लावतात. दगड खराब होऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक आच्छादन घालतात. आपल्या बोटावर शाई असते, त्यांच्याकडं ही चिकटपट्टी.

२०२४ ची निवडणूकही ५ नोव्हेंबरलाच होती. निकाल तुम्हाला ठाऊक आहे. डोनाल्ड ट्रम्प जिंकले, कमला हॅरिस हरल्या. अमेरिकेत आजवर एकही बाई राष्ट्राध्यक्ष झालेली नाही.

आता आमचं मत. खरं सांगायचं तर आम्हा दोघींतच एकमत नव्हतं. एकीला मनापासून वाटत होतं की हॅरिसबाई निवडून याव्यात. ज्या गावात बायकांनी मत मागितलं ते गाव पाहून आल्यावर तर फारच. दुसरीचं म्हणणं होतं, बाई उभी आहे म्हणून बाईनं तिलाच मत द्यावं, ही सक्ती कशाला? तिकडं अंडी, किराणा, घरभाडं सगळं महागलं होतं. घरखर्च भागवणाऱ्या लाखो बायकांनी ट्रम्प यांना मत दिलं. त्या अडाणी होत्या, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

यावर आम्ही बरंच भांडलो. पण तीन गोष्टींवर दोघींचं एकमत झालं.

पहिली, तिथं मताचं वजन सगळीकडं सारखं नाही. राज्याराज्यांच्या मिळून ५३८ प्रतिनिधींपैकी २७० ज्याच्याकडं, तो जिंकतो. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त पडली, तरी त्या हरल्या. हे आम्हाला पटलं नाही.

दुसरी, मतदान मंगळवारी असतं आणि देशभर सुट्टी नसते. रोजावर जाणाऱ्या बाईनं कधी जायचं? तिथं कितीतरी राज्यांत आधीही मत देता येतं, ते चांगलं आहे. पण आपली भरपगारी सुट्टी आम्हाला जास्त बरी वाटली.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. त्या निवडणुकीत एक जाहिरात चालली. आत पडद्याआड तुम्ही कुणाला मत दिलं हे नवऱ्याला कळायची गरज नाही, असं ती बायकांना सांगत होती. त्यावर गदारोळ झाला. काही पुरुष म्हणाले, ही तर नवऱ्याशी फसवणूक. आम्ही म्हणतो, यात फसवणूक कसली? मत गुप्त ठेवणं हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? मतदानाच्या आदल्या रात्री घरात ठरतं आणि सकाळी बाईला चिन्ह सांगितलं जातं.

१९५२ च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं.

म्हणून मैत्रिणींनो, एक काम करा. गटाच्या पुढच्या बैठकीत मतदार यादी मागवा आणि प्रत्येकीचं नाव वाचा. नाव नसेल तर ६ नंबरचा अर्ज भरा. लग्न होऊन सासरी आलेल्या सुनेचं नाव माहेरच्याच यादीत असेल, किंवा नावात चूक असेल, तर ८ नंबरचा. तुमच्या मतदान केंद्राच्या बीएलओकडं हे अर्ज मिळतात, आणि १९५० या नंबरवर चौकशी करता येते.

आणि बैठकीत एका प्रश्नावर जरूर बोला. मागच्या वेळी तुम्ही जे बटण दाबलं, ते कुणी ठरवलं होतं? उत्तर मोठ्यानं सांगायची गरज नाही. ज्याचं त्यानं, जिचं तिनं मनात द्यावं.