अपंगत्व निवृत्तिवेतन : सिद्धतेचा भार कोणावर?

(लखनौ येथे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



लखनौ हे लष्कराच्या मध्य कमांडचे मुख्यालय आहे आणि लष्करी वैद्यकीय सेवेचे प्रशिक्षण केंद्रही. २००७ च्या कायद्यान्वये २००९ मध्ये कार्यान्वित झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे एक खंडपीठही येथेच आहे. उत्तर प्रदेश व उत्तराखंडमधील माजी सैनिक येथे दाद मागतात, महाराष्ट्रातील मुंबई खंडपीठाकडे. या दाव्यांत अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दावे मोठ्या प्रमाणात असतात.

लष्कराच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार दोन अटी होत्या. अपंगत्व किमान २० टक्के असावे आणि ते सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे. पहिली अट मोजता येते; वाद दुसरीचा. गोळी लागली तर कारण उघड असते. परंतु रक्तदाब, अपस्मार, मनोविकार यांचे काय? वैद्यकीय मंडळ अनेकदा ‘सेवेशी संबंध नाही’ एवढाच शेरा देई. त्यावर विभागांतर्गत दोन अपिले, आणि मग न्यायाधिकरण; अंतिम आदेशापासून मुदत सहा महिने, विलंब सकारण असल्यास क्षम्य.

अर्थशास्त्रज्ञ येथे माहितीच्या विषमतेकडे बोट दाखवील. भरतीच्या वेळची तपासणी, नेमणुकीची ठिकाणे, रुग्णालयातील नोंदी हे सारे सरकारच्या ताब्यात. मग पुरावा सैनिकाने कोठून आणावा?

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात याचे उत्तर दिले. हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि अपस्मारामुळे १९९४ मध्ये सेवामुक्त झाला. अपंगत्व २० टक्के. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे, तसे नाही म्हणणाऱ्या मंडळाने कारणे द्यावीत आणि संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा, असा हा निर्णय आहे. सेवामुक्तीनंतर एकोणीस वर्षांनी तो लागला, हेही ध्यानात घ्यावे. त्यापूर्वी, २००९ च्या दामोदरन प्रकरणात, याच न्यायालयाने मंडळाच्या मताला अधिक वजन दिले होते. वयोमानाने होणाऱ्या प्रत्येक व्याधीचा विमा सरकारने उतरवावा काय, हा प्रश्नही गैर नाही.

आता रकमेचा विचार करू. शंभर टक्के अपंगत्वास अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्व घटक मिळतो. म्हणून २० टक्क्यांस केवळ ६ टक्के : वेतन ४०,००० रुपये धरल्यास महिना २,४०० रुपये. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निर्णयाने, निवृत्तीचे वय पूर्ण करून बाहेर पडलेल्यांनाही ५० टक्क्यांपर्यंत पूर्णांकनाचा लाभ खुला झाला. तो धरला तर हीच रक्कम ६,००० होते. एवढ्यासाठी गावाकडून लखनौच्या वाऱ्या, वकिलाची फी आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. विलंबाची किंमतही वेगळी आहे : तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निर्णयानुसार, उशिरा आलेल्यास थकबाकी साधारणपणे मागील तीनच वर्षांची मिळते.

सरकारी वकील, फायली, अपिले यांचा खर्चही अखेर करदाताच सोसतो. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने निकालात निघालेल्या मुद्द्यांवर पुन्हा अपिले करू नयेत, असे सुचविले होते.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम आले. त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांचे दावे मात्र जुन्याच नियमांनी तपासले जातात. म्हणून परीक्षेतही, न्यायालयातही, प्रथम निवृत्तीची तारीख पाहावी.