परसातला टोमॅटो कोणासाठी?

(कपिलधार येथील जिल्हा बैठकीतील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या बैठकीच्या कागदावर कर्जाचा विषय आहे, वीजबिलाचा आहे, कापसाच्या भावाचा आहे, आणि खाली चौथ्या क्रमांकावर लिहिलंय, ‘परसबागेसाठी टोमॅटोचे वाण’. सकाळी चहा घेताना एक जुने कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, "साहेब, आंदोलनाच्या बैठकीत हे टमाट्याचं काय काढलं?" त्यांचा राग आम्हाला समजतो. पण हा विषय आम्ही काढलेला नाही. मागच्या बैठकीला आलेल्या बायांनी काढला. त्यांचा प्रश्न साधा होता : दुकानात दहा तऱ्हेची पाकिटं लटकतात, घरामागं लावायला त्यातलं कोणतं घ्यावं?

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेले. असा प्रश्न आला की आमच्या तोंडातून वाणांची यादी बाहेर पडते. त्या दिवशीही पडली. एक म्हातारी आजी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "एवढी नावं सांगितली, पण आमच्या घरी कोण राहणार ते तरी इचारलं का?" त्या एका वाक्यावर आम्ही महिनाभर विचार केला. आजचं बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. परसात चार झाडं लावल्यानं टोमॅटोचा भाव सुधारत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक आणि औरंगाबादकडच्या शेतकऱ्यांनी किलोला दोन-तीन रुपये मिळाले म्हणून क्रेट रस्त्यावर ओतले. तेव्हा दिल्लीतून कोणी धावत आलं नाही. दोन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, भाव शंभराच्या वर गेला तेव्हा मात्र सरकारनं स्वतः गाड्या लावून सवलतीत टोमॅटो विकला आणि ऑगस्टमध्ये नेपाळातून आयात केल्याचं संसदेत सांगितलं. भाव पडला तर ते शेतकऱ्याचं नशीब आणि चढला तर देशावर संकट! ही लढाई परसात लढायची नाही, ती रस्त्यावरच लढावी लागणार. पण त्या २०२३ च्या जुलैत गावातली बाई, जिच्या नवऱ्याच्या नावावर पाच एकर जमीन आहे, बाजारातून पाव किलो टोमॅटो मोजून आणत होती. याची लाज सरकारला वाटायचं कारण नाही. आपल्याला मात्र वाटली पाहिजे.

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला. त्यात व्यापारशेती आणि निर्यातशेती होती, तशीच सीताशेती आणि माजघरशेतीही होती. पहिल्या दोन शब्दांवर आपण पुरुषांनी भरपूर भाषणं केली. उरलेले दोन शब्द बायांचे म्हणून त्यांच्याकडं ढकलले आणि मोकळे झालो. त्यात आम्हीही होतो.

आता मूळ प्रश्न. घरी कोण राहणार?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. कार्तिकी पौर्णिमेला इथं मन्मथस्वामींच्या समाधीला लांबलांबून दिंड्या येतात, त्या वेळेपर्यंत कितीतरी घरांना कुलूप लागलेलं असतं, नाहीतर घरी फक्त म्हातारी आणि शाळेतली पोरं असतात. पुस्तकात लिहिलंय की महाराष्ट्रात रब्बीचा टोमॅटो उत्तम, ऑक्टोबरात लावा. लिहिणाऱ्याचं शास्त्र बरोबर आहे. पण ज्या घरची कर्ती माणसं ऑक्टोबरात कारखान्यावर जातात, त्यांनी लावायचा कधी आणि खायचा कोणी?

अशा घरानं रोहिणी नक्षत्रातच, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी, सावलीच्या कडेला टोपलीत रोप टाकावं. पंचवीस-तीस दिवसांनी, आषाढाच्या सुमाराला, गादीवाफ्यावर लावावं. पावसाळ्यात सपाट जागी लावू नका, मुळाशी पाणी साचलं की झाड बसलंच. लावणीपासून दोन-सव्वादोन महिन्यांत फळ तोडणीला येतं आणि दसऱ्यापर्यंत महिनाभर खायला मिळतं. अशा घरासाठी बुटका, एकदम बहरणारा वाण घ्यावा. टोमॅटोच्या दोन मुख्य जाती ध्यानात ठेवा. एक झाड ठराविक उंचीला थांबतं, त्याच्या शेंड्याला फुलाचा घोस येतो आणि सगळी फळं महिना-दीड महिन्यात देऊन ते मोकळं होतं. दुसरं वेलासारखं वाढत राहतं, त्याला काठी-सुतळी लागते, पण ते रोज दोन-चार फळं देत बरेच दिवस चालतं. कोयत्यावर जाणाऱ्या घराला पहिलं. बारा महिने माणूस असलेल्या घराला दुसरं. दुकानदाराला एवढंच विचारलं, की झाड बुटकं का वाढतं, तरी निम्मी निवड झाली.

पुसा अर्ली ड्वार्फ हा दिल्लीच्या संस्थेचा जुना वाण बुटका आणि लवकर येणारा आहे. त्याच संस्थेचा पुसा रुबी उंच वाढतो, फळ चपटं, किंचित शिरा असलेलं, चवीला आंबूस. बेंगळुरूच्या फलोद्यान संस्थेचा अर्का विकास मध्यम वाढीचा आहे आणि पाण्याचा ताण त्यातल्या त्यात सोसतो, म्हणून आपल्या भागाला आमची पहिली पसंती त्याला. राहुरीचे धनश्री आणि भाग्यश्री आहेत. भाग्यश्रीत बी कमी आणि रंग गडद. हे सगळे सरळ वाण आहेत. म्हणजे काय, ते पुढं सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

त्याआधी चवीचं. बाजारात जो अंड्यासारखा, कडक सालीचा टोमॅटो दिसतो, तो ट्रकसाठी निवडलेला टोमॅटो आहे. क्रेटवर क्रेट रचून नारायणगावाहून दिल्लीला जाऊन फुटता कामा नये, ही त्याची पहिली लायकी. व्यापारासाठी लावत असाल तर तोच लावा, संकरितच लावा, औषधं, बांबू, तार सगळा हिशेब मांडून लावा. त्याला आमचा बिलकूल विरोध नाही. संकरित म्हटलं की नाक मुरडणाऱ्या शहरी मंडळींपैकी आम्ही नव्हे. पण परसापासून चुलीपर्यंत अंतर दहा पावलांचं. दहा पावलांसाठी ट्रकची साल कशाला? घरच्या टोमॅटोचं साल पातळ असावं, रस असावा, आंबटपणा असावा. आमटीत चिंच कमी घालावी लागली पाहिजे. तडकला तर तडकला, त्याच दिवशी भाजीत जाईल.

आता ती गोम. ती आमच्या चुकीतून सांगतो.

आम्ही नोकरीत होतो तेव्हा, सुरुवातीच्या वर्षांत, परसबागेसाठी म्हणून बायांना संकरित टोमॅटोच्या बियांच्या पुड्या वाटल्या. पीक झकास आलं, फोटो निघाले. त्यातल्या एका बाईनं चांगली फळं निवडून बी धरलं. पिढ्यान्‌पिढ्या बाजरीचं, ज्वारीचं, भोपळ्याचं धरतात तसं. पुढच्या वर्षी लावलं तर एक झाड उंच, एक खुजं, कुठं गोल फळ, कुठं लांबट, एकावर बोकड्या येऊन पानं चुरगळलेली. ती आमच्याकडं आली आणि म्हणाली, "साहेब, तुमचं बी खोटं निघालं." बी खोटं नव्हतं. खोटे आम्ही होतो. वाटताना आम्ही तिला हे सांगितलंच नव्हतं की संकरिताचं बी पुन्हा धरता येत नाही. देवणी गाईला विलायती वळू लावला तर पहिलं वासरू दोन्हींचे गुण घेऊन येतं, पण त्या वासरांची आपसात पैदास केली की एक आजीवर जातं, एक आजोबावर. टोमॅटोतही तेच. आम्हाला हे परीक्षेत विचारलं होतं, आम्ही पैकीच्या पैकी मार्क घेतले होते, आणि जिला उपयोग होता तिला सांगायला विसरलो.

गंमत पुढं आहे. त्या बाईनं रागानं सगळं उपटलं नाही. त्या गोंधळातलं एक झाड उकिरड्याच्या कडेला होतं, कोणी पाणी न घालता लिंबाएवढ्या फळांनी लदलेलं. तिनं त्याचं बी धरलं. दुसऱ्या वर्षी त्यातलं परत एक निवडलं. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं दर पिढीत भेसळ निम्म्यानं कमी होत जाते. सहा-सात वर्षांत झाडं एकसारखी यायला लागतात. विद्यापीठातले पैदासकार वेगळं काही करत नाहीत, फक्त ते वहीत लिहितात. आज तिच्या गल्लीत तोच टोमॅटो आहे. त्याला नाव नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठ्या फळाच्या झाडांची फुलं गळतात तेव्हाही तो थोडाफार धरतो. लहान फळाच्या जाती उष्णता जरा जास्त सोसतात, हे पुस्तकातही आहे.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर स्पष्ट सांगतो. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रही गार झाली नाही की पराग निकामी होतो, फूल गळतं. जे फळ धरलेलं असतं त्यालाही लाल रंग नीट चढत नाही, पिवळट राहतं. आपल्याकडं एप्रिल-मे चाळिशीच्या वर. कोणत्याही पाकिटावर ‘बाराही महिने’ लिहिलेलं असलं तरी मे महिन्यात सांडपाण्याची एकेक बादली टोमॅटोवर ओतू नका. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चात परस भरलेला असतो तेव्हा फोडी करून, मीठ लावून पत्र्यावर वाळवा. सांडगे-पापडाच्या शेजारी एक चादर जास्त. वीस किलोचा किलोभर होईल, कारण टोमॅटोत पाणीच फार. पण जुलैत बाजार चढला की ती बरणी कामाला येते. बीडच्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घेऊ.

पाकिटाचा हिशेबही करून बघा. एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया असतात. दहा ग्रॅमच्या पाकिटात तीन हजार. परसाला झाडं लागतात दहा, फार तर पंधरा. उरलेल्या बियांचे पैसे तुम्ही कशासाठी दिले? गावातल्या दहा घरांनी मिळून सरळ वाणाची एक पुडी आणावी. त्यानंतर विकत घ्यायची गरज नाही.

बी धरायला फार विद्या लागत नाही. फळ निवडू नका, झाड निवडा. ज्या झाडाची पानं चुरगळली नाहीत, ज्याच्यावर करपा सगळ्यात उशिरा आला, त्याला चिंधी बांधा. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळं झाडावर पूर्ण पिकू द्या. गर काढून मडक्यात दिवस-दीड दिवस आंबवा, बुळबुळीत आवरण सुटतं. मग धुवा, सावलीत सुकवा, राखेत घालून कोरड्या डब्यात ठेवा. नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं. एक सूचना पुरुष मंडळींना : तंबाखू मळलेल्या हातानं रोपांना हात लावू नका. तंबाखूवरचा मोझॅक रोग हातातून टोमॅटोवर येतो आणि बियातूनही पुढं जातो. साबणानं हात धुवा, नाहीतर लांबूनच बघा. (इथं बायका हसल्या, ते वृत्तांतात राहू द्यावं.)

रोग-किडीचं थोडक्यात. गेल्या वर्षी जिथं वांगी-मिरची होती तिथं यंदा टोमॅटो नको, ती एकाच घराण्यातली. मध्ये झेंडू लावा, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना तो रोखतो. २०१४ मध्ये पुण्याकडून टूटा नावाची पानं पोखरणारी अळी आपल्याकडं शिरली, तिची पानं दिसली की तोडून जाळा. दहा झाडांना फवारणीचा पंप लागत नाही, सकाळी पाच मिनिटं डोळे लागतात.

कोणी विचारलं, असं बी वाटलं तर कायद्यात बसतं का? बसतं. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा आहे. त्याच्या ३९ व्या कलमात शेतकऱ्याला आपलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, विकण्याचासुद्धा हक्क आहे. फक्त कंपनीचा छाप मारून विकता येत नाही. संरक्षित वाणालाही हा हक्क लागू आहे. कोणी कृषी केंद्रवाला डोळे वटारू लागला तर हे कलम तोंडावर सांगा.

आता रोहिणी आठवड्यावर आलेल्या आहेत. बाहेर डोंगरावरून पडणारी धार बारीक झाली आहे, आभाळ भरायला लागलंय. आम्ही अर्का विकास आणि पुसा अर्ली ड्वार्फच्या छोट्या पुड्या बांधून आणल्या आहेत, प्रत्येकीत साधारण तीस बिया. आणि त्या उकिरड्यावरच्या टोमॅटोचं बी त्या बाईनंच स्वतः आणलंय, त्या मागच्या रांगेत बसल्या आहेत. माणूस घरी राहणार की कोयत्यावर जाणार ते सांगा, त्याप्रमाणं पुडी घ्या, आणि दाराजवळच्या वहीत गावाचं नाव लिहून जा. पुढच्या वर्षी घेतलं तेवढं बी परत आणायचं आहे. त्यानंतर वीजबिलाचा विषय घेऊ.