रात्रीचे पाणी आणि घोणस
(कोडोली येथील बैठकीतील भाषण)



शेतीला दिवसा दहा तास वीज द्या म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये आपण कोल्हापुरात धरणे धरले. कशासाठी? रात्री उसाला पाणी पाजताना पाय पडतो तो घोणशीवर. ती कुकरसारखी फुत्कारते. चावली की आग होते, सूज चढते, रक्त गोठेनासे होते, पुढे मूत्रपिंडे जातात.

मण्यारीचे उलटे. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. ना सूज, ना फारसे दुखणे. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास अडतो. ‘काही झालेले नाही’ म्हणत बसलो की माणूस गेलाच.

आम्ही सांगतो, दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका. अंगठी, जोडवी काढा, चावलेला हात-पाय फळीला हलका बांधा, १०८ ला फोन लावा. देवळात नंतर जाऊ. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर लस एकच. पोरालाही ती मोठ्या माणसाएवढीच लागते; साप पोर बघून विष कमी सोडत नाही.

उद्या दवाखान्यात जाऊन एवढेच विचारा: आज लसीच्या किती बाटल्या शिल्लक आहेत?