मोकाट शेळ्या आणि बेटावरचे पाणी



ज्या शिक्षकांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना वंदन करून मी विषयाकडे वळतो. विषय दूरच्या एका बेटाचा आहे. पण त्या बेटाच्या इतिहासाची वाट आपल्या गोव्यावरून जाते.

दक्षिण अटलांटिक महासागरात सेंट हेलेना नावाचे, अवघ्या १२२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे ज्वालामुखीजन्य बेट आहे. नेपोलियनच्या बंदिवासामुळे आपण त्याचे नाव ऐकलेले असते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज खलाशांना ते सापडले. गोव्याहून लिस्बनला परतणाऱ्या जहाजांना तेथे गोडे पाणी मिळे, हेच त्याचे खरे मोल. बाणस्तारीच्या १५१२ च्या वेढ्यानंतर अल्बुकर्कने ज्या फितूर शिपायांचे अवयव छाटले, त्यांपैकी फेर्नांव लोपिश हा मायदेशी जाताना या बेटावर उतरला व तेथला पहिला रहिवासी ठरला. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना ताजे मांस मिळावे, म्हणून बेटावर शेळ्या सोडण्यात आल्या. १५८८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅव्हेंडिश तेथे पोहोचला, तेव्हा त्याला त्यांचे प्रचंड कळप दिसले.

या बेटावर मुळात चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे तेथील झाडाझुडपांना काटे वा कडू चीक यांसारख्या संरक्षणाची गरजच पडली नव्हती. शेळ्यांनी जुन्या वृक्षांना फारसे काही केले नाही. त्यांनी रोपे खाल्ली. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रान हिरवेच दिसत राहिले आणि नुकसान कोणाच्या ध्यानी आले नाही. १८३६ च्या जुलैमध्ये चार्ल्स डार्विन तेथे गेला होता. त्याने नोंदवले आहे की, १७१६ पर्यंत तेथल्या महावनात पुष्कळ वृक्ष होते. १७२४ पर्यंत त्यांतले बहुतेक कोसळले आणि त्यांची जागा घ्यायला रोपेच उरली नव्हती. १७३१ मध्ये मोकाट जनावरे मारण्याचा हुकूम निघाला, पण तोवर फार उशीर झाला होता. यात माणसाच्या कुऱ्हाडीचाही वाटा होता, हे सांगितले पाहिजे.

आता याचा पाण्याशी संबंध काय? पानांचा थर पावसाचा मारा झेलतो, मुळे जमिनीत पाणी मुरवतात, आणि तेच पाणी पुढे उन्हाळ्यात ओहोळाला पाझरते. हे आवरण गेले आणि खुरांनी माती दडपली, की पाऊस मुरत नाही. तो वाहून जातो. उतारावर घळी पडतात, ओढा पावसाळ्यात गढूळ होऊन फुगतो आणि नंतर आटतो. सेंट हेलेनाच्या शिखरांवर तर आणखी एक गोष्ट घडते. तेथील झाडे धुक्यातले थेंब पानांवर धरून जमिनीला देतात. झाड गेले, की पर्जन्यमापकाला न दिसणारे हे पाणीही जाते. म्हणूनच तेथील शिखरांवरचे उरलेसुरले धुक्याचे रान राखणे हे आज पाणीपुरवठ्याचेच काम मानले जाते. २००० पासून जुन्या महावनाच्या जागी स्थानिक वृक्षांची पुन्हा लागवड सुरू झाली आहे.

यात दोष शेळीचा नव्हे. आपला धनगर कळपामागे चालतो, रान बदलतो, कोठे थांबायचे ते जाणतो. सेंट हेलेनावर शेळ्या होत्या, राखणारा नव्हता. सोडणारे जहाजातून निघून गेले आणि ज्या पाण्यासाठी ते तेथे थांबत होते, त्याच पाण्याचे मूळ त्यांनी चरायला दिले.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या गावच्या झरीवरचा डोंगर पाहाल, तेव्हा केवळ मोठी झाडे मोजू नका. त्यांच्याखाली गुडघाभर उंचीची रोपे किती आहेत, ते वाकून पाहा. पन्नास वर्षांनंतर त्या झरीला पाणी असेल की नाही, याचे पुष्कळसे उत्तर तेथेच मिळेल.