मधल्या वयाचं कपाट

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वाचनालयातलं नवं कथासाहित्य, मुलांचं, कुमारांचं आणि मोठ्यांचं, असा विषय संयोजकांनी दिला आहे. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गटाचं बरं चाललंय. मी जास्त वेळ मधल्या गटाला देणार आहे, कारण वाचनालयाचे वाचक गळतात ते तिथेच.

लहानांचं थोडक्यात सांगतो. माधुरी पुरंदरे गोष्टही लिहितात आणि चित्रंही काढतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांची पुस्तकं हाताळून हाताळून खिळखिळी होतात, आणि बालविभागाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. २०२४ चा हाच पुरस्कार भारत सासणे यांच्या ‘समशेर आणि भूतबंगला’ला मिळाला. उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष राहिलेला, दीर्घकथेतला मुरलेला लेखक मुलांसाठी रहस्यकथा लिहायला बसतो, ही मला फार आश्वासक गोष्ट वाटते.

आता तेरा ते सोळा वर्षांची मुलं. यांना आपण काय देतो? फास्टर फेणे. भा. रा. भागवतांवर माझं प्रेम आहे, पण बन्या फेणेच्या साहसांवर या मुलांचे आजोबा वाढले. त्यांच्या वयाचं खरं कथासाहित्य वाचनालयात असतं, पण मोठ्यांच्या विभागात. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’तला निवेदक नववीत आहे. प्रकाश नारायण संतांचा लंपन तर त्याहून लहान. आपल्या छत्रपती संभाजीनगरचे बाबा भांड यांच्या ‘दशक्रिया’तला भान्या पैठणच्या घाटावर गोदावरीच्या पाण्यातल्या राखेतून नाणी शोधतो. नायक पोरसवदा, पुस्तक मात्र मोठ्यांच्या कपाटात, आणि अनेक ठिकाणी बालसभासदाच्या कार्डावर ते मिळत नाही! मुलगा दोन-चारदा हात हलवत परत जातो. मग येईनासा होतो. आणि आपण मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो.

खरेदीची गोष्टही बोलायला हवी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात गावोगाव वाचनालयं उभी राहिली, त्याचं ऋण मोठं आहे. पण वाचनालय अ, ब, क की ड वर्गाचं, हे ठरवताना ग्रंथसंख्याही मोजली जाते. अनुदान हातात पडतं तेव्हा मार्चअखेर जवळ आलेली असते. अशा घाईत जास्त कमिशनची, पातळ, स्वस्त पुस्तकं गठ्ठ्याने येतात. दाखल नोंदवही भरते, संख्या जमते. एक चांगली जाड कादंबरी घेतली तर नोंदवहीत एकच ओळ वाढते. त्याच पैशांत पातळ पुस्तकांच्या पाच ओळी होतात. यात कुणी लबाड आहे असं मी म्हणत नाही. हिशेबच तसा बसवलेला आहे.

याच्या उलट चाललेलं काम आपल्याच शहरात आहे. २०२१ च्या जानेवारीत, शाळा बंद असताना, बायजीपुऱ्यातल्या सातवीतल्या एका मुलीने घरची पुस्तकं मांडून मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. रीड अँड लीड फाउंडेशनने तो प्रयोग वस्त्यावस्त्यांत नेला. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी चारही भाषांतली पुस्तकं तिथे शेजारीशेजारी असतात. वली आणि सिराज या उर्दू कवींच्या शहरात हे व्हायचंच होतं, थोडं उशिरा झालं इतकंच. माझ्या मते त्याचं यश अंतरात आहे. रिक्षाचे पैसे नकोत, कुणाची सोबत नको, गल्लीतूनच जायचं, म्हणून मुलीही येऊ शकतात.

मोठ्यांसाठीच्या नव्या कादंबऱ्यांपैकी दोनच घेतो. तुळजापूरचे देविदास सौदागर स्वतः शिवणकाम करणारे. त्यांच्या ‘उसवण’ला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रेडीमेड कपड्यांनी शिंप्याचं मशीन कसं थंडावलं, हे त्यात आतून आलं आहे. दुसरी कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ च्या अकादमी पुरस्काराची मानकरी. धरणात गाव गेलेला माणूस मागे राहिलेल्या, आता रानटी झालेल्या म्हशीच्या शोधात परत जातो. जायकवाडी धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांची नातवंडं आज या शहराच्या कॉलेजांत शिकतात. पंधरा वर्षांच्या मुलाला ही कादंबरी झेपणार नाही असं मला सांगू नका. माणूस आणि जनावर समोरासमोर उभे आहेत. त्या वयाला याहून काय हवं? भाषा पहिली काही पानं अडवते. अडवू द्या.

पालक म्हणतील, या पुस्तकांत शिव्या असतात. असतात. ‘शाळा’तही आहेत, आणि शाळेच्या मैदानात त्याहून जास्त आहेत.

वाचनालयांच्या समित्यांतली काही मंडळी पुढच्या रांगेत दिसताहेत, म्हणून थेट मागतो. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या सभासदाला मोठ्यांच्या विभागाचं कार्ड द्या. आणि पुढच्या मार्चच्या आत खरेदीची यादी चार-पाच मुलांपुढे ठेवा, त्यांना पेन्सिल द्या. ती जी नावं खोडतील ती मागवू नका. कमिशन कमी मिळेल, तेवढं सोसा.