आनंद पटवर्धनांच्या फिल्मा आणि आपली साक्ष

(चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर इथं कामाला असलेल्या आपल्या गावच्या साथींच्या बैठकीत फिल्म दाखवून झाल्यावर केलेलं भाषण. गावाकडच्या लोकांनाही वाचता यावं म्हणून बोललो तसंच छापत आहोत.)



रात्रपाळीवाल्यांना निघायचं आहे, म्हणून लांबण लावत नाही. आत्ता या भिंतीवर चादर बांधून आपण जी फिल्म बघितली तिचं नाव 'नर्मदा डायरी'. मध्ये लाईट गेली तरी कोणी उठून गेलं नाही. मणिबेलीचं नाव आलं तेव्हा मागून एक जण ओरडला, "हे तर आपल्या अक्कलकुव्याकडचं!" होय भाऊ, आपलंच. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलं पहिलं गेलं ते मणिबेली. आपल्यातल्या काही जणांचे मामा-मावश्या त्याच काठावरचे.

ही फिल्म आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू या दोघांनी केली, १९९५ साली. एकदा येऊन शूटिंग करून गेले असं नाही. काही वर्षं जात-येत राहिले. मोर्चा, पोलिसांचा वेढा, सभा, सण, सगळं टिपत गेले. म्हणून नाव डायरी.

आता कोणी विचारेल, पटवर्धन म्हणजे मुंबईत जन्मलेले, इंग्रजी शिकलेले, अमेरिकेला गेलेले. त्यांचं आपल्याला काय? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण अमेरिकेत त्यांनी काय केलं ते ऐका. १९७० साली ते बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात शिकायला गेले. व्हिएतनामवर अमेरिका बॉम्ब टाकत होती, त्याविरुद्धच्या निदर्शनांत ते उतरले. सीझर चावेझ म्हणून शेतमजुरांचे पुढारी होते, द्राक्षं आणि भाजी तोडणाऱ्या मजुरांची संघटना बांधणारे. त्या संघटनेत पटवर्धनांनी स्वयंसेवक म्हणून काम केलं. आपल्यातले जे ऊसतोडीला जाऊन आलेत त्यांना तिथलं जिणं वेगळं समजावून सांगायला नको. फड तोच, पीक दुसरं.

परत आल्यावर मध्य प्रदेशात किशोर भारती या संस्थेत खेड्यात राहिले. मग १९७४ ला बिहारात जयप्रकाशजींचं आंदोलन पेटलं. तिथं छोटा कॅमेरा घेऊन त्यांनी 'क्रांती की तरंगें' ही फिल्म केली. तेवढ्यात आणीबाणी लागली. फिल्म सापडली तर जप्ती, म्हणून तिचे तुकडे करून ते गुपचूप देशाबाहेर पाठवले आणि तिकडे पुन्हा जोडले. आपण दाव्याच्या झेरॉक्स तीन घरांत वाटून ठेवतो ना, त्यातलाच प्रकार. पुढे राजकीय कैद्यांवर 'जमीर के बंदी', कॅनडातल्या आपल्या देशी शेतमजुरांच्या युनियनवर एक, अशा फिल्मा होत गेल्या. सगळ्यांची नावं घेत बसत नाही.

पण 'हमारा शहर' बद्दल जरा सांगायचं आहे. १९८५ ची. मुंबईत फूटपाथवरच्या आणि झोपडीतल्या लोकांची घरं पाडत होते, त्यावर. त्यात एक बाई कॅमेरावाल्यांनाच झापते. तुम्ही गरिबाचे फोटो काढून नेता, आमच्या पदरात काय पडतं? पटवर्धनांनी तो भाग कापून टाकला नाही, फिल्ममध्ये ठेवला. लोकांना दाखवला.

आम्हाला हे मोठं वाटतं. आपल्या पाड्यावर पण मागं कोणी कॅमेरा घेऊन आले होते. आमच्या आजीला डोक्यावर मोळी घेऊन तीनदा चढण चढायला लावली, कारण ऊन नीट पडत नव्हतं. फोटो कुठं छापला, कधी कळलं नाही. आजी अजून विचारते, "माझं तोंड नेलं, ते ठेवलं कुठं?" तर कॅमेरा आणि कॅमेऱ्यात फरक असतो. एक मोळी बघतो, दुसरा मोळीवालीचा राग पण ऐकून घेतो.

दुसरी गोष्ट, कापाकापीची. सरकारला न आवडणारं दाखवलं की हे काढा, ते काढा, असं सुरू होतं. अणुबॉम्बवरची त्यांची 'जंग और अमन' ही फिल्म, जिच्यात झारखंडच्या जादुगोडा इथल्या युरेनियम खाणीजवळचे आदिवासी पण आहेत, तिच्यात सेन्सॉर बोर्डानं २००२ ला २१ ठिकाणी कात्री लावायला सांगितली. ते मुंबई हायकोर्टात गेले. २००३ ला एकही तुकडा न कापता फिल्म सुटली. आणखी एक फिल्म १९९५ च्या सुमाराची, दूरदर्शन दाखवायला तयार नव्हतं. तिचा निकाल सुप्रीम कोर्टातून २००६ ला लागला. अकरा वर्षं!

आपल्याकडे दावा एकदा फेटाळला की माणूस म्हणतो, जाऊ दे, नशीब. वनहक्क कायद्यात अपिलाला साठ दिवस आहेत. साठ दिवसांत गावसभेचा ठराव आणि अर्ज होत नाही आपल्याकडून?

आता खरं बोलू. फिल्म केली म्हणून धरण थांबलं का? नाही थांबलं. १९९३ ला जागतिक बँक प्रकल्पातून बाहेर पडली, ती लोकांच्या लढ्यानं. पण २००० साली सुप्रीम कोर्टानं धरण पुढं न्यायला परवानगी दिली. गावं पाण्यात गेली. फिल्म बघताना एक साथी हळूच म्हणाला, "मग काय उपयोग?" त्याला आम्ही तेव्हा उत्तर दिलं नाही. आत्ता देतो. मणिबेलीत कोणी राहतच नव्हतं, असं उद्या कोणी साहेब म्हणाला तर त्याला म्हणता येणार नाही. घर दिसतंय, शेत दिसतंय, माणूस आपल्या तोंडानं बोलतोय.

आणि हेच आपलं दुखणं आहे. तुम्ही इथं टॉवेलच्या कारखान्यात, केमिकलमध्ये हेल्परकी करता. ठेकेदाराच्या वहीत तुमची हजेरी लागते. गावात पंचनाम्याला आलेला साहेब म्हणतो, पोरं एमआयडीसीत आहेत, मग शेती कोण करतं? घरातली बाई, म्हातारा, धाकटी भावंडं करतात, ती त्याला दिसत नाहीत. चार महिने पोटासाठी बाहेर पडलो म्हणून जमीन सुटली असं होत नाही, पण ते सिद्ध कोण करणार?

२००८ च्या नियमात १३ नंबरचा नियम वाचा. पुरावा फक्त पावती नाही. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. घर, झोपडी, बांध चालतो. देवाची जागा, मसणवट चालते. असे एकाहून जास्त पुरावे जोडायचे. आमच्या पाड्यावरचे एक आजोबा, कोणता बांध बहात्तरच्या दुष्काळात घातला ते बोट ठेवून सांगायचे. जबाब लिहून घ्यायचा, घ्यायचा म्हणता श्रावणात ते गेले. वही कोरीच राहिली. चूक आमचीच.

म्हणून ज्यांच्याकडे कॅमेऱ्याचा मोबाईल आहे त्यांनी यंदा गावी जाताना तो भरून आणू नका, रिकामा आणा. म्हाताऱ्या माणसांना बांधावर उभं करून बोलू द्या, आपल्याच बोलीत. मोळी उचलायला लावू नका. नियमात जबाब लेखी मागितला आहे, तेव्हा रेकॉर्डिंगवर भागणार नाही. ते ऐकून वहीत उतरवायचं, वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा, वनहक्क समितीकडे द्यायचं. बायांचे जबाब आधी घ्या, पेरणी त्यांना जास्त आठवते.

पुढच्या सुट्टीला याच खोलीवर बसू. प्रत्येकानं आपल्या घराचा दावा कुठं अडकलाय, गावसभेत, उपविभागात की जिल्ह्याला, ते कागदावर लिहून आणा. फेटाळल्याची चिठ्ठी आली असेल तर तारखेसकट आणा, दिवस मोजायचे आहेत. आणि ही चादर ज्याची असेल त्यानं आठवणीनं न्या.

जिंदाबाद!