जंजिरा ते सचिन : दर्याचा शब्द आणि जमिनीचा कागद



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान अर्पण केले आहे, त्या गुरुवर्यांस प्रथम विनम्र अभिवादन करतो. सचिन येथे बोलावयाचे ठरल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. आपल्यापैकी अनेकांची घराणी खानदेशातून इकडे आलेली आहेत. परंतु खुद्द या गावाचे नाते कोकणातील एका बेटाशी आहे.

जंजिरा हा शब्द अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट, यावरून आला. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने मी तेथे गेलो, तेव्हा तट अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसेना. आत शिरल्यावर, चोहोबाजूंस खारे पाणी असता मध्ये गोड्या पाण्याचे तलाव पाहून या दुर्गाच्या अजिंक्यतेचे मर्म उमगले. पण दुसरे एक मर्म होडीवाल्याच्या हातात होते. वारा किंचित फिरताच त्याने शीड फिरविले. त्याला कोणी काही सांगावे लागले नाही.

परंपरा सांगते की, येथे प्रथम कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता व रामा पाटील त्यांचा प्रमुख होता. पुढे बेट निजामशाहीकडे आणि मग आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींकडे गेले. सिद्दी मोगलांचे आरमारप्रमुख झाले आणि त्या आरमाराचा खर्च सुरतेच्या महसुलातून मिळू लागला. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगडांचा सेतू घालण्याचा यत्न केला. तरी बेट हाती आले नाही.

या मोहिमांतील एक आख्यायिका मला फार मोलाची वाटते. लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटास शिड्या लावल्या. मागून येणारी फौज वेळेवर पोहोचली नाही व बेत फसला. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यात फिरणाऱ्याला पालखी कशाला, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याला एक गलबत बांधून दिले आणि त्याचेच नाव ‘पालखी’ ठेवले! जमिनीवरच्या सत्तेने समुद्रावरच्या माणसाचा मान त्याच्याच भाषेत केला, असे प्रसंग इतिहासात थोडे.

एरवी घडले ते उलटेच. जंजिऱ्याच्या गादीचा तंटा लागला असता बाळू मियां सिद्दी पुण्यास आला. १७९१ मध्ये त्याने जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि मोबदल्यात त्यास सुरतेजवळील हा मुलूख मिळाला. सचिन संस्थान जन्मास आले ते असे. जंजिरा मात्र पेशव्यांस कधीच मिळाला नाही. कागदावर बेट दिले गेले, बेट जागचे हलले नाही आणि राज्य मात्र येथे उभे राहिले! १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने विलीन झाली. या साऱ्या लेखनात राजपुरीच्या कोळ्यांना कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. फिलिपाईन्स, मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्यामधील समुद्रात सामा-बजाऊ नावाचे लोक आहेत. त्यांच्या पिढ्यान् पिढ्या नावांवरच नांदल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, पाणबुडेपणाच्या परंपरेमुळे त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी आढळली. समुद्र त्यांच्या देहात उतरला आहे. तथापि त्यांच्यापैकी कित्येकांजवळ कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही. कागद मागणारी सत्ता जमिनीवर बसते, हेच त्याचे कारण.

मी भाषेचा अध्यापक. म्हणून मला चिंता शब्दांची आहे. उधाण आणि भांग, खारे वारे आणि मतलई वारे, डोल, परमन, सुकाणू, नाखवा : हे शब्द म्हणजे दर्यावर्दींची दप्तरे होत. ‘तांडेल’ हा शब्द पाहा. कोकणात तो नौकेवरचा हुद्दा. आपल्या दक्षिण गुजरातेत ते आडनाव. सरहद्दी आखल्या गेल्या, पण शब्द किनाऱ्याकिनाऱ्याने चालत राहिला. यंत्राच्या होड्या आल्या याचे मला दुःख नाही. कष्ट कमी झालेच पाहिजेत. मात्र शीड उतरले की त्याच्यासंगे पन्नास शब्द उतरतात आणि ते टिपून ठेवण्यास कोणी नसते.

म्हणून या शाळेस माझी एक विनंती आहे. डुमसचा किनारा येथून दूर नाही. विद्यार्थ्यांनी एक वही घेऊन तेथे जावे, वृद्ध खलाशांजवळ बसावे, आणि वाऱ्याची, भरतीची, माशांची नावे, गुजराती असोत वा मराठी, उतरवून घ्यावीत. गुरुवर्यांच्या स्मृतीस याहून उचित अर्घ्य मला सुचत नाही.